अंगावरून गेलेलं वारं

खोडाळ्याच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत आमचा पाडा आहे. तिथे फोनला रेंज हवी असेल तर घरामागच्या खळ्यावर जाऊन उभं राहावं लागतं. काका आठवड्यातून एकदा आजीला तिथे घेऊन जायचा आणि मला पुण्याला फोन लावून द्यायचा. चार वर्षांपूर्वी, जुलै संपता संपता, असाच एक फोन आला. लावणी कशी झाली हे आजी सांगत होती. बोलता बोलता तिचे शब्द घसरायला लागले. ‘आवण’ म्हणायचं होतं तिथे भलतंच काही आलं, मग नुसताच घोगरा आवाज. मी ऑफिसातल्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो, पाच मिनिटांत मीटिंग होती. म्हटलं, “आजी, आवाज तुटतोय. नेटवर्क खराब आहे. उद्या करतो.”

रात्री काकाचा मेसेज आला, “आजीची जीभ जड झाली होती. आता बरी आहे.” मी अंगठा वर केलेलं चित्र पाठवून दिलं.

आठ दिवसांनी, सकाळी साडेसहाला, चुलीपुढे बसलेली आजी उजव्या कुशीवर कलली. तोंड वाकडं, उजवा हात लोंबता, डोळे उघडे आणि शब्द बंद. काकूने आरडाओरडा केला, शेजारपाजार जमला, आणि आमच्याकडे अशा वेळी म्हणतात तेच सगळे म्हणाले. म्हातारीच्या अंगावरून वारं गेलं.

त्यानंतर आजी दोन वर्षं जगली. या चार वर्षांत मी या वाऱ्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. एखादी यंत्रणा कोसळली की ती नेमकी कधी आणि कुठे कोसळली हे मागे मागे जाऊन शोधायचं, हे माझं रोजचं काम. इथेही तेच केलं, फक्त मागे जाता जाता बराच लांब गेलो.

वारा, फटका आणि रक्तवाहिनी

आधी शब्दच घेऊ. आपण ‘वारं गेलं’ म्हणतो, ‘अर्धांगवायू’ म्हणतो. चरकसंहितेत हा रोग वातव्याधींच्या प्रकरणात ‘पक्षवध’ म्हणून येतो आणि सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’ म्हणून. पक्ष म्हणजे बाजू, शरीराची एक बाजू. ‘लकवा’ हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ तोंड वाकडं होणं एवढाच होता. हिंदी-उर्दूतला ‘फालिज’ही अरबीच, त्याच्या मुळाशी दुभंगणं आहे. ग्रीकांचा ‘अ‍ॅपोप्लेक्सी’ म्हणजे एका तडाख्यात खाली पाडणं, आणि इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ हा मुळात देवाच्या हाताचा फटका.

इतक्या भाषा, पण सगळ्यांनी टिपलं ते बाहेरून दिसणारं. माणूस अचानक पडतो आणि अर्धा होतो. हे वर्णन चुकीचं नाही, पण नाव जसं तसा उपाय होतो. वारा असेल तर तेल चोळायचं, शेक द्यायचा, कबुतराचं रक्त लावायचं. फटका असेल तर मारणाऱ्याची समजूत काढायची. मेंदूच्या रक्तवाहिनीचा संबंध यातल्या कुठल्याही नावात नाही.

तो संबंध दाखवणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचे वैद्य योहान याकोब वेप्फर. अ‍ॅपोप्लेक्सीने मेलेल्या माणसांच्या कवट्या त्यांनी उघडून पाहिल्या आणि १६५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मेंदूत रक्त साकळलेलं त्यांनी पाहिलं, आणि मेंदूकडे जाणारी वाट अडली तरी असाच घात होऊ शकतो हेही मांडलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शो यांनी गुठळी वाहिनीत जागच्या जागी धरते की दुसरीकडून वाहत येऊन अडकते, हा भेद नावं देऊन स्पष्ट केला.

म्हणजे एकाच वाऱ्याचे दोन अगदी उलट प्रकार निघाले. एकात नळी तुंबते आणि पुढचं शेत सुकतं, दुसऱ्यात नळी फुटते आणि शेत बुडतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत पीक जातं. कुठला प्रकार होता हे कळायचं ते माणूस मेल्यावर, कवटी उघडल्यावर.

जोतीरावांचा डावा हात

नाशिकच्या वॉर्डात आजीच्या उशाशी बसलेले बाबा एकदम म्हणाले, “जोतीबांचीही उजवीच बाजू गेली होती.” बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या बोलण्यात फुले असे अधूनमधून घरच्या माणसासारखे येतात.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघात झाला आणि उजवं अंग लुळं पडलं. वय ६१. पुण्यातले नामांकित डॉक्टर विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक सहकारी. उपचार त्यांनीच केले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ तेव्हा लिहून व्हायचं होतं. जोतीरावांनी ते डाव्या हाताने लिहून पुरं केलं. पैशाची ओढ होती; मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं.

ही हकीकत आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मी ती नंतर डॉक्टर घोल्यांच्या बाजूने वाचून पाहिली. मित्र समोर पडला आहे आणि आपण शहरातले नावाजलेले डॉक्टर आहोत. हातात काय आहे? रक्तदाब मोजावा, तर दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचं उपकरण इटलीत रिव्हा-रोची यांनी पुढे आणलं ते १८९६ मध्ये, म्हणजे अजून आठ वर्षांनी. गुठळी आहे की रक्तस्राव, हे जिवंत माणसात पाहण्याचा मार्गच नाही, आणि कळलं असतं तरी देण्यासारखं औषध नाही. घोले रुग्णाची काळजी घेऊ शकत होते, धीर देऊ शकत होते आणि वाट पाहू शकत होते.

आणखी एक गोष्ट. उजवं अंग मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाच्या ताब्यात असतं, आणि बहुतेकांची भाषाही त्याच बाजूला असते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू तपासून हे दाखवायला सुरुवात केली. तो रुग्ण वर्षानुवर्षं ‘टॅन’ एवढंच बोलायचा. जोतीरावांचा हात गेला पण भाषा वाचली, नाहीतर डाव्या हातालाही काही लिहिता आलं नसतं. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची सगळी भाषा तोंडात होती आणि तीच गेली. एक शब्द उरला, “तसं.” पाणी हवं असलं की “तसं”, राग आला की “तसं, तसं”, मी निघालो की फार हळू, “तसं.”

गाण्याच्या कंपनीतलं यंत्र

कवटी न उघडता आत पाहण्याची युक्ती एका अभियंत्याने काढली, याचा मला अजून आनंद होतो. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत होते. ग्रामोफोन आणि कुत्र्याच्या चित्राचं एचएमव्ही हे याच कंपनीचं नाव. आधी त्यांनी संगणक बांधले. मग क्ष-किरण डोक्यातून अनेक कोनांतून सोडून, पलीकडे किती पोचले ते मोजून, आतला काप गणिताने उभा करता येईल असं त्यांच्या डोक्यात आलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला. चित्र होतं आडवे ८० आणि उभे ८० ठिपक्यांचं, एकूण ६,४००. आज आपल्या फोनवरचं अ‍ॅपचं चिन्हसुद्धा सहसा याहून मोठं असतं. १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

सीटी स्कॅनवर ताजं रक्त पांढरं दिसतं. तुंबलेल्या नळीपुढचा भाग सुरुवातीला जवळजवळ नेहमीसारखा दिसतो आणि काही तासांनी काळवंडत जातो. त्यामुळे पहिल्या तासांत स्कॅनला विचारायचा प्रश्न साधा असतो. पांढरं आहे की नाही? वेप्फरना मरणोत्तर मिळणारं उत्तर आता काही मिनिटांत मिळू लागलं.

तरी औषध यायला आणखी चोवीस वर्षं गेली. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं टीपीए शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे असलेल्यांची संख्या वाढते. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ मध्ये, मोठी वाहिनी तुंबली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा फायदा एकामागून एक चाचण्यांनी दाखवला. पण अट एकच. स्कॅन आधी. रक्तस्राव असताना हेच औषध दिलं तर ते माणूस मारू शकतं. ‘कुठला प्रकार’ हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता.

साडेसहा ते अडीच

त्या सकाळचा हिशोब मी नंतर काकाकडून, काकूकडून आणि फोनमधल्या कॉलच्या वेळांवरून जुळवला.

साडेसहाला आजी पडली. सातला भगत आला, तांदूळ पाहिले, अर्धा तास गेला. मग चादरीची झोळी बांबूला बांधली. पाऊस पडत होता, वाट निसरडी होती, चौघांनी आळीपाळीने खांदा दिला. सव्वाआठला रस्ता गाठला. नऊच्या सुमारास जीप मिळाली. तालुक्याला पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. तिथल्या तरुण डॉक्टरने आजीचा हात उचलून सोडून पाहिला, रक्तदाब मोजला, २१० वर ११० होता. त्याने काकाला स्पष्ट सांगितलं, “गुठळी आहे की रक्तस्राव, हे डोक्याचा सीटी स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. नाशिकला न्या.” अंदाजाने औषध द्यायचं त्याने टाळलं, आणि ते बरोबरच होतं. तोंडाने काही देऊ नका, गिळता आलं नाही तर ठसका छातीत जाईल, हेही त्यानेच सांगितलं. तोवर पाड्यावर तिला दोन वेळा चहा पाजून झाला होता.

तोरंगणचा घाट, त्र्यंबकेश्वर, नाशिक. साठ-पासष्ट किलोमीटर, पावसात. स्कॅन झाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पांढरं काही नव्हतं, गुठळी होती. ज्या प्रकारावर औषध आहे तो प्रकार होता, आणि आठ तास उलटले होते.

त्या तरुण डॉक्टरबद्दल मी खूप विचार करतो. त्याच्या डोक्यात घोल्यांपेक्षा १३० वर्षांची जास्त विद्या होती, पण आजी समोर असताना तोही घोल्यांच्याच जागी उभा होता. बाहेरून वारा दिसतो, आत काय झालंय ते दिसत नाही. मोखाड्याहून नाशिकला जाणारी ती गाडी १८८८ मधून १९७१ मध्ये चालली होती.

भगतावर राग काढणं सोपं होतं. बाबांनी काढलाही. पण त्याने अर्धा तास घेतला. मी आठ दिवस घेतले होते.

दहा मिनिटांची चिठ्ठी

फोनवर आजीचे शब्द घसरले ते नेटवर्क नव्हतं. तो छोटा झटका होता. गुठळी येते, क्षणभर अडकते, सुटून जाते. दहा-वीस मिनिटांत माणूस पूर्ववत होतो आणि सगळे म्हणतात, बरी आहे. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. मोठा झटका येण्याचा धोका यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की छोट्या झटक्यानंतर तपासणी आणि उपचार ताबडतोब सुरू केले, तर ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येतं. त्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही. लागतात ते रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, आणि ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन न ठेवणारा एक माणूस.

आजीला रक्तदाब होता हे आम्हाला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी जव्हारला एका शिबिरात तो सापडला. तिने महिनाभर गोळ्या खाल्ल्या, डोकं दुखायचं थांबलं, गोळ्या थांबल्या. मशेरी मात्र रोज दोन वेळा, आणि पावसाळ्यात जेवण म्हणजे नागलीची भाकर आणि खारवलेली सुकी मासळी.

वाढलेल्या रक्तदाबाचं काय करायचं हे मोठ्यामोठ्यांनाही फार उशिरा कळलं. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६ वर १०८ होता. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसासाठी डॉक्टरांकडे विश्रांती, कमी मीठ आणि हृदयाची एक जुनी गोळी यापलीकडे फारसं काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी ते डोकं धरून कोसळले तेव्हा तो ३०० वर १९० भरला. मेंदूतला रक्तस्राव.

आणि मग गोष्ट आपल्याकडे येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव छापला. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. साप चावला किंवा डोकं फिरलं तर ही मुळी द्यायची, हे वैद्यांना आणि जंगलातल्या जाणत्यांना आधीपासून ठाऊक होतं. सह्याद्रीच्या रानात ती उगवते. वकिलांच्या लेखानंतर जगभरचे डॉक्टर तिच्यामागे लागले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. आज त्याहून चांगली औषधं आहेत, सर्पगंधा स्वतः कुटून खायची नाही. पण रक्तदाब गोळीने उतरवता येतो, हा विश्वास जगाला देण्यात या मुळीचा वाटा होता. १९६७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी तो आकड्यांत मांडला. रक्तदाब फार चढलेले १४३ माजी सैनिक. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्यात २७ गंभीर घटना झाल्या, खरी गोळी मिळालेल्यांत दोन.

गडचिरोलीचा आकडा

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने २००५-०६ मध्ये शहराच्या एका भागातले पहिल्यांदाच आलेले झटके मोजले, ४५६. त्यातले ३६६ गुठळीचे आणि ८१ रक्तस्रावाचे. म्हणजे दहातले आठ तुंबलेले. हे मोजता आलं, कारण शहरात बहुतेकांचा स्कॅन झाला होता.

खेड्याचा आकडा गडचिरोलीतून आला. तिथे ‘सर्च’ या संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली आणि २०१५ मध्ये छापली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने. सगळ्या कारणांत हे पहिलं. आणि यातले ८७ टक्के लोक घरीच गेले होते. गावातला मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुपोषण, साप आणि ताप येतात. मोखाडा-जव्हारचं नाव तर वर्तमानपत्रात कुपोषणासाठीच येतं. त्याच घरात, त्याच अंगणात म्हातारी माणसं वाऱ्याने जातात आणि त्याची बातमी होत नाही.

फक्त म्हातारीच नाहीत. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचा आजार आहे, आणि त्यात लहान मुलालाही झटका येऊ शकतो. कवटीवरून ध्वनिलहरींनी तपासून धोका ओळखायचा आणि नियमित रक्त द्यायचं, तर पहिला झटका मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९८ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. बाळंतिणीला मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. तिला झटके येतात, डोकं असह्य दुखतं, आणि घरचे बाहेरची बाधा शोधत बसतात. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तर मेंदूभोवतीची वाहिनी फुटलेली असू शकते. या सगळ्याला आपल्याकडे एकच नाव आहे.

न्यूकॅसलमध्ये १९९८ च्या सुमारास रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी चार अक्षरांची खूण बनवली गेली. पाड्यावर ती इंग्रजी अक्षरं चालत नाहीत, म्हणून मी काकूला आमच्या शब्दांत शिकवली. तोंड, हात, वाचा, वेळ. हसायला सांग, तोंड एका बाजूला जातं का पाहा. दोन्ही हात पुढे धरायला सांग, एक खाली येतो का पाहा. एक वाक्य म्हणायला सांग, अडखळते का पाहा. यातलं एकही चुकलं तर घड्याळात वेळ बघ आणि १०८ लाव. एकाएकी तोल गेला किंवा एका डोळ्याचं दिसणं गेलं तरी तेच. दहा मिनिटांत बरं वाटलं तरीही तेच.

मला या सगळ्या इतिहासातून एवढंच कळलं की मोखाड्यासाठी तो साडेचार तासांचा दरवाजा फार अरुंद आहे. रस्ते, गाड्या, स्कॅनची यंत्रं यायलाच हवीत, आणि ती मागत राहायला हवं. पण त्याआधीचा दरवाजा वर्षानुवर्षं उघडा असतो आणि तो पाड्यातच असतो. दंडाला बांधायचा पट्टा, रोजची गोळी, बरं वाटलं तरी न थांबवायची, कमी मीठ, मशेरी बंद. जोतीरावांच्या काळात यातलं काहीही नव्हतं. आजीच्या काळात सगळं होतं.

या दिवाळीत मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो. ओटीवर रांग लागली. भगतही आला. त्याचा १७० वर १०० निघाला. मी त्याला दवाखान्यात जा म्हणालो, तर म्हणाला, “मला तर काहीच होत नाही.”

आजीलाही काहीच होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकाच्या मोटरसायकलवर बसवून त्याला घेऊन गेलो. गोळ्या चालू आहेत. दर रविवारी काका खळ्यावरून फोन लावतो, तेव्हा मी भगताला फोन द्यायला सांगतो आणि तो अडखळत नाही ना, हे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो.